रात्रपाळीत एकटा डॉक्टर: आपत्कालीन आणि अतिदक्षता उपचारांचे मोफत ऑनलाइन शिक्षण कुठून घ्यावे?

कोलारकाठ

नमस्कार मंडळी. गेल्या सहा महिन्यांपासून मी नागपूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. खाटा तीस. रात्री आठनंतर डॉक्टर मी एकटीच असते, सोबत दोन सिस्टर आणि एक वॉर्डबॉय. रस्ता मोकळा असेल तर नागपूरचे मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) पन्नास मिनिटांवर आहे, पण रात्री दोन वाजता घोणस चावलेला माणूस समोर आला की ती पन्नास मिनिटे फार लांब वाटतात.

इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीचे पंधरा दिवस मिळाले होते आणि त्यातले निम्मे रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोचवण्यात गेले. म्हणून आता मोबाइलवर शिकायचे ठरवले. पण शोधायला गेले तर ढीगच सापडला. लाइफ इन द फास्ट लेन, ईएमक्रिट, रेबेल ईएम, सेंट एमलिन्स, फर्स्टटेनईएम अशी संकेतस्थळांची नावे संपत नाहीत, आणि एक पान उघडले की त्यातून दहा पाने निघतात. तीन रात्री जागून वाचल्यावर लक्षात आले, की व्हेंटिलेटरच्या ड्रायव्हिंग प्रेशरविषयी मला बरेच कळले आहे आणि आमच्याकडे व्हेंटिलेटरच नाही.

माझे प्रश्न तीन आहेत. यातले नेमके काय वाचावे? त्यावर भरवसा कितपत ठेवावा? आणि माझ्या सिस्टरांना मराठीतून देता येईल असे काही आहे का?

जुना_भूलतज्ज्ञ

डॉक्टर, तुमचा गोंधळ स्वाभाविक आहे, कारण हे सारे कोणा एका संस्थेने आखून उभे केलेले नाही. ज्यांना लिहावेसे वाटले त्यांनी ते आपापल्या परीने लिहीत नेले. मिनिआपोलिसच्या डॉ. स्मिथ यांचा ईसीजीचा ब्लॉग २००८ पासून चालू आहे आणि स्कॉट वाइनगार्ट यांचे ईएमक्रिट २००९ पासून. या सगळ्याला ‘फोम’ हे नाव मात्र २०१२ साली मिळाले. डब्लिनच्या एका पबमध्ये गिनेसचा ग्लास समोर असताना माइक कॅडोगन या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांना ते सुचले. मुक्तपणे उपलब्ध वैद्यकीय शिक्षण या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. आपल्याकडे आपत्कालीन वैद्यक या विषयाला स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून मान्यता मिळाली तीच मुळी २००९ मध्ये. म्हणजे हा विषय शिकवणारे शिक्षक आपल्याकडे तयार होत होते त्याच काळात ही पाने जगभर पसरत होती, आणि आपल्या पहिल्या काही तुकड्या अर्ध्याअधिक त्यांवरच शिकल्या असे मी म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आता उपयोगाचे सांगतो. ईसीजीसाठी लाइफ इन द फास्ट लेनचा संग्रह पहिला, कारण तिथे प्रत्येक बदलाची चित्रे आहेत आणि पान लवकर उघडते. एखाद्या आजाराचा पहिला तास कसा सांभाळायचा हे वाचायचे असेल तर ईएमक्रिटवरच जॉश फारकस यांचे ‘इंटरनेट बुक ऑफ क्रिटिकल केअर’ आहे. त्यातल्या प्रकरणांच्या सुरुवातीला थोडक्यात सार दिलेले असते, घाईच्या वेळी तेवढेच वाचावे. सोडियम का घसरले, आम्लता का वाढली, असे ‘का’ विचारण्याची सवय असेल तर ‘डिरेंज्ड फिजिऑलॉजी’ वाचा. मूळ लेखकाने ते ऑस्ट्रेलियातल्या अतिदक्षता परीक्षेसाठी लिहिले आहे, तेव्हा रात्रपाळीत ते उघडू नका, रविवारी दुपारी उघडा. क्ष-किरण आणि सीटीसाठी रेडिओपीडिया आहे. वाचायला हे सर्व मोफत आहे. काही ठिकाणी शिक्षणाचे गुण किंवा प्रमाणपत्र हवे असेल तर पैसे मागतात, त्याची तुम्हाला गरज नाही.

बर्डीवाला

मला हा उत्साह पटत नाही, आणि ते मी स्पष्टच लिहितो. श्वासनलिकेत नळी घालण्याची चलचित्रे शंभर पाहिलेला मुलगा आमच्याकडे आला होता. लॅरिंगोस्कोप कोणत्या हातात धरायचा हे त्याला तोंडपाठ होते, पण रुग्णाच्या तोंडात उलटी आलेली दिसताच सक्शन चालू करायला तो विसरला. हाताला वळण लागते ते काम करून. डॉक्टरांनी सुट्टीच्या दिवशी मेडिकलच्या किंवा मेयोच्या (नागपूरचेच दुसरे सरकारी रुग्णालय) कॅज्युअल्टीत रीतसर परवानगी काढून बारा तास उभे राहावे. दहा पॉडकास्टांपेक्षा तेवढ्यात जास्त शिकता येईल.

कोलारकाठ

बर्डीवाला सर, सल्ला मान्य आहे आणि तशी परवानगी मी मागणारही आहे. पण महिन्यातले बावीस दिवस मी इथेच असते आणि त्या बावीस दिवसांचा प्रश्न उरतोच.

धंतोलीची_रात्रपाळी

मी एका खाजगी अतिदक्षता विभागात काम करतो. भरवशाच्या प्रश्नाचे उत्तर एका गोष्टीतून देतो, कारण त्या गोष्टीत मीही फसलो होतो.

२०१७ साली ‘चेस्ट’ या नियतकालिकात सेप्सिसच्या (जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडू लागतात त्या अवस्थेच्या) रुग्णांचा एक छोटा अभ्यास आला. क जीवनसत्त्व, हायड्रोकॉर्टिसोन आणि थायमिन हे तिन्ही दिलेल्या ४७ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ८.५ टक्के होते, तर त्याआधीच्या ४७ रुग्णांत ते ४०.४ टक्के होते. ही तुलना जुन्या नोंदींशी केलेली होती, चिठ्ठी टाकून गट पाडलेले नव्हते. तरीही महिन्याभरात ब्लॉग आणि पॉडकास्ट त्या बातमीने भरून गेले. माझ्या फोनवर त्याचे दुवे वरिष्ठांनीच पाठवले आणि आम्ही ते सुरूही केले. पुढे २०२० मध्ये ‘व्हिटॅमिन्स’ या चाचणीत काहीच फायदा दिसला नाही. २०२२ मध्ये ८७२ रुग्णांच्या ‘लोव्हिट’ चाचणीत एकटे क जीवनसत्त्व तपासले गेले, तेव्हा मृत्यू किंवा टिकून राहिलेला अवयवांचा बिघाड उलट जास्त निघाला: औषध घेणाऱ्यांत ४४.५ टक्के, न घेणाऱ्यांत ३८.५ टक्के. मात्र २०१७ चे ते उत्साही लेख आजही जागच्या जागी आहेत आणि शोधयंत्राला त्यांचे वय कळत नाही.

म्हणून माझा नियम असा, की कोणतेही पान वाचण्याआधी त्यावरची तारीख पाहायची आणि त्यात सांगितलेला उपचार एखाद्या मोठ्या चाचणीत टिकला का, हे ‘द बॉटम लाइन’ या संकेतस्थळावर तपासायचे. अतिदक्षतेतल्या महत्त्वाच्या चाचण्यांची तिथे एकेक करून चिकित्सा केलेली असते. आपल्याकडचे ‘इंडियन जर्नल ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन’ही पूर्ण मोफत वाचता येते, त्याकडे आपण फारसे जात नाही.

दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. सेप्सिसमध्ये किलोमागे ३० मिलिलिटर द्रव द्या, असे पाश्चात्त्य पानांवर जागोजागी लिहिलेले असते. ते ज्या रुग्णालयांसाठी लिहिले आहे तिथे द्रव जास्त झाले तर व्हेंटिलेटर शेजारीच उभा असतो. झांबियातल्या लुसाका इथे, जिथे तशी सोय अगदी अपुरी होती, असाच आक्रमक प्रोटोकॉल वापरून पाहिला गेला. त्याचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला: प्रोटोकॉलच्या गटात ४८ टक्के मृत्यू, नेहमीच्या उपचारांच्या गटात ३३ टक्के. त्यातले बहुसंख्य रुग्ण एचआयव्हीबाधित होते, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे उचलून आणता येणार नाहीत. पण त्याआधी २०११ मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या मुलांवरच्या ‘फीस्ट’ चाचणीतही भराभर द्रव दिलेल्या मुलांमध्ये मृत्यू वाढलेच होते. तेव्हा डॉक्टर, तुम्ही सलाइन लावले की दर अर्ध्या बाटलीनंतर छातीला स्टेथोस्कोप लावा.

मागच्या_सीटवरचा

मी १०८ च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे आणि माझी पदवी बीएएमएस आहे. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली सुरू झाली. गाडीत मागे बसणाऱ्यांत आमच्यासारखेच बहुसंख्य आहेत, पण या पानांवर आमच्यासाठी असे काही लिहिलेले आढळत नाही. मला नळी कशी घालायची यापेक्षा हे कळायला हवे, की हलत्या गाडीत ऑक्सिजनची टाकी किती वेळ पुरेल आणि कोणता रुग्ण जवळच्या रुग्णालयात उतरवायचा, कोणता थेट नागपूरला न्यायचा. कोणी सुचवेल का?

जुना_भूलतज्ज्ञ

मागच्या_सीटवरचा, तुमच्या प्रश्नाने मला कोलारकाठ यांच्यासाठीही योग्य उत्तर आठवले, खरे तर ते मी आधीच द्यायला हवे होते. जागतिक आरोग्य संघटनेने रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीबरोबर २०१८ मध्ये ‘बेसिक इमर्जन्सी केअर’ हा अभ्यासक्रम काढला. त्याची पुस्तिका मोफत उतरवून घेता येते. श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, शुद्ध आणि संपूर्ण शरीराची तपासणी या क्रमाने जायचे, आणि नंतर इजा, धाप, शॉक (रक्ताभिसरण कोलमडणे) व हरपलेली शुद्ध ही चार प्रकरणे. सीटी नाही, व्हेंटिलेटर नाही, तज्ज्ञ नाही, हे गृहीत धरूनच ती लिहिली आहे. रुग्ण पुढे पाठवताना काय काय तपासून मग निघायचे हेही त्यात आहे.

टाकीचा हिशेब साधा आहे. टाकीत शिल्लक असलेले लिटर भागिले मिनिटाला लागणारे लिटर, म्हणजे मिनिटे. ६०० लिटर शिल्लक आहेत आणि मास्कवर मिनिटाला १० लिटर चालू आहे, तर ६० मिनिटे मिळतात. मनात त्यातली २० वजा करून निघावे, कारण रेल्वेचे फाटक बंद असते.

उमरेड_रोड

आता माझी तक्रार. परदेशी पानांवर आपले साप नाहीत आणि आपली औषधेही नाहीत.

लाइफ इन द फास्ट लेन ऑस्ट्रेलियातले आहे. तिथल्या बहुतेक सापांच्या दंशाने जागेवर फारशी इजा होत नाही, म्हणून तिथे संपूर्ण हातापायाला दाबपट्टी बांधून तो अवयव स्थिर करतात आणि त्यांच्यासाठी ते योग्यच आहे. आपल्याकडे घोणस आणि फुरसे चावले की पाय सुजतो आणि ऊती मरू लागतात, त्यामुळे आपली राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे तशी पट्टी सांगत नाहीत. अमेरिकी पानांवर रॅटलस्नेकचे प्रतिविष असते. आपले बहुसंयोजी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांसाठी आहे. म्हणून सर्पदंशासाठी आरोग्य मंत्रालयाची प्रमाणित उपचारपद्धती आणि जागतिक आरोग्य संघटनेची आग्नेय आशियासाठीची २०१६ ची मार्गदर्शिका एवढेच वाचावे. दोन्ही मोफत आहेत.

त्यात सांगितलेली वीस मिनिटांची गोठण चाचणी दिसते सोपी, पण बिघडते लगेच. दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही आणि मग एकदाच तिरके करून पाहायचे. आमच्याकडे मागच्या पावसाळ्यात सलग तीन रुग्णांचे रक्त ‘गोठत नाही’ असे आले आणि त्यातल्या एकाला तर साप चावलेलाच नव्हता, बाभळीचा काटा रुतला होता. शोध घेतल्यावर कळले, की काचेच्या नळ्या संपल्यामुळे प्लॅस्टिकच्या वापरल्या जात होत्या. प्लॅस्टिकमध्ये रक्त वेळेत गोठेलच याची खात्री नसते. डिटर्जंटने धुतलेल्या काचेचेही तेच. डॉक्टर, आज रात्री तुमच्या कपाटात किती कोऱ्या काचेच्या नळ्या आहेत ते मोजा, मग वाचा.

दुसरे आपले दुखणे म्हणजे फवारणीचे विष. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीसजण दगावले, तेव्हापासून हा विषय आमच्या भागात कोणी हलक्यात घेत नाही. ऑर्गॅनोफॉस्फरस या कीटकनाशकांच्या गटाच्या विषबाधेवरचे सर्वांत उपयोगी लेखन श्रीलंका, बांगलादेश आणि आपल्याकडून आले आहे, आणि त्यातले बरेच मोफत आहे. बांगलादेशातला १५६ रुग्णांचा २०१२ चा अभ्यास पाहा. ॲट्रोपिन हे त्यावरचे मुख्य औषध ठरावीक अंतराने एकसारखे देत राहण्याऐवजी दर वेळी दुप्पट करत नेले आणि नंतर ठिबकने चालू ठेवले, तर मृत्यू २२.५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. पॅम (प्रॅलिडॉक्झिम) या दुसऱ्या औषधाबाबत मात्र वाद आहे. आपल्या बारामतीतून २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या २०० रुग्णांच्या अभ्यासात जास्त मात्रेचा स्पष्ट फायदा दिसला, तर श्रीलंकेतल्या २००९ च्या चाचणीत अजिबात दिसला नाही. बारामतीचे रुग्ण लवकर पोचलेले होते आणि मध्यम तीव्रतेचे होते, कदाचित फरक तिथे असेल. माझे मत असे, की पॅमच्या वादात वेळ घालवू नये, ॲट्रोपिन पुरेसे द्यावे.

तीन_नंबर_वॉर्ड

मी अधिपरिचारिका आहे, सेवा एकोणीस वर्षे झाली. उमरेड_रोड सरांनी ‘दुप्पट करत नेले’ असे एका ओळीत लिहिले, ते प्रत्यक्षात कसे असते ते सांगते.

आमच्याकडे ॲट्रोपिनचा ॲम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमचा येतो. पहिला डोस १.८ मिलिग्रॅम म्हणजे तीन ॲम्प्यूल. पाच मिनिटांनी सहा, मग बारा, मग चोवीस. पंधरा मिनिटांत पंचेचाळीस ॲम्प्यूल फोडावे लागतात. फोडणारी मी एकटी, एका हाताला कापसाचा बोळा, आणि तरीही दोन बोटे कापतात. त्यात डॉक्टर विचारतात, ‘सिस्टर, आतापर्यंत किती गेले?’ म्हणून मी रिकामे ॲम्प्यूल ट्रेमध्ये रांगेने मांडून ठेवते, एका रांगेत दहा. ही युक्ती मला कोणत्याही चलचित्रात सापडली नाही, माझ्या आधीच्या सिस्टरांनी शिकवली.

कोलारकाठ मॅडम, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर असे, की या दर्जाचे मराठीत मला तरी काही मिळाले नाही. आम्हाला इंग्रजी वाचता येत नाही असे नाही. जीएनएम ही परिचर्येची पदविका आम्ही इंग्रजीतूनच केली. पण रात्री तीन वाजता घाईत वाचायचे असेल तर मराठीच डोळ्यांत पटकन शिरते. लांब लेख नको, भिंतीवर लावता येईल असे एक पान द्या. ॲट्रोपिन कधी थांबवायचे, तर छाती मोकळी झाली, नाडी ८० च्या वर गेली, वरचा रक्तदाब ८० च्या वर गेला, काख कोरडी झाली आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकासारख्या राहिल्या नाहीत, की. एवढे मोठ्या अक्षरांत असले की पुरे.

संत्राबर्फी

सिस्टर, हा प्रतिसाद छापून लावावा असाच आहे.

कृष्णधवल

मी क्ष-किरणतज्ज्ञ आहे. वर कोणी सोनोग्राफीचा उल्लेख केला नाही याचे मला आश्चर्य वाटले, कारण मोफत शिक्षणात सर्वांत आकर्षक भाग तोच आहे. ‘फाइव्ह मिनिट सोनो’ आणि ‘पोकस १०१’ ही संकेतस्थळे उत्तम आहेत. पोटात रक्त आहे का, फुप्फुसाभोवती हवा आहे का, हृदय आकुंचन पावते आहे का, हे ती फार सुरेख दाखवतात.

मात्र त्या चलचित्रांतला अमेरिकी डॉक्टर खिशातून मोबाइलएवढे यंत्र काढतो आणि रुग्णाच्या छातीवर ठेवतो, ते पाहून कोणी तसे यंत्र मागवू नये. आपल्याकडे १९९४ चा गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा आहे. सोनोग्राफीचे यंत्र, ते वापरण्याची जागा आणि वापरणारी व्यक्ती या सर्वांची नोंदणी लागते, आणि नोंदणी नसलेले यंत्र बाळगणे हा गुन्हा आहे, मग तुम्ही ते फक्त फुप्फुसावर ठेवत असलात तरी. शिकायचे असेल तर रुग्णालयातल्या नोंदणीकृत यंत्रावर, अधिकृत व्यक्तीच्या देखरेखीखाली शिका.

बर्डीवाला

पाहा, म्हणजे पुन्हा गोष्ट हातावर आणि माणसावरच आली.

कृष्णधवल

मान्य. पण ज्याने ती चलचित्रे पाहिलेली असतात त्याला मी अर्ध्या वेळात शिकवतो, हेही लिहून ठेवा.

सावजी_रस्सा

माझा अनुभव ईसीजीचा आहे. रात्री साडेअकराला पंचेचाळिशीचे एक गृहस्थ आले. छातीत जळजळ, घाम, आणि येता येताच त्यांनी स्वतःचे निदान सांगून टाकले, ‘डॉक्टरसाहेब, आज सावजी जरा जास्तच झालं.’ नागपुरात या वाक्याने किती हृदयविकार झाकले जात असतील देव जाणे. ईसीजीत वर गेलेले काही नव्हते, व्ही-एक ते व्ही-तीन या छातीवरच्या लीडमध्ये एसटी (ईसीजीच्या रेषेचा एक भाग) खाली गेलेला होता. आदल्याच आठवड्यात मी लाइफ इन द फास्ट लेनवर वाचले होते, की असे दिसले तर हृदयाच्या मागच्या भिंतीचा विचार करावा आणि पाठीवर व्ही-सात ते व्ही-नऊ लावून पाहावे. तिथे अर्धा मिलिमीटर वाढ झालेली असली तरी पुरते. लीड पाठीवर चिकटवताना ते म्हणाले, ‘पोट पुढे आहे, साहेब.’ वाढ होती. गृहस्थ आता बरे आहेत आणि रस्सा बिनतर्रीचा मागतात.

बर्डीवाला सर, हातांचे महत्त्व मीही मानतो, पण ते लीड कुठे लावायचे हे माझ्या हातांना त्या पानानेच सांगितले.

पारशिवनीकर

मे महिन्याचे कोणी लिहिणार की नाही? उष्माघाताची पाने वाचली की बर्फाच्या पाण्याने भरलेला टब डोळ्यांसमोर येतो. आमच्या कॅज्युअल्टीत टब तर नाहीच, बर्फही पाटलांच्या रसवंतीतून आणावा लागतो.

तरीही त्याच पानांवर मला एक तोडगा सापडला: ताडपत्री. रुग्णाला ताडपत्रीवर झोपवायचे, चार जणांनी कडा उचलून झोळीसारख्या धरायच्या, आत बर्फाचे पाणी ओतायचे आणि ते हळूहळू हलवत राहायचे. परदेशात धावपटूंसाठी ही रीत वापरतात. आपल्याकडे ताडपत्री नाही असे एकही घर नाही. बर्फ मिळाला नाही तर अंग ओले करून समोर कूलर लावतो. विदर्भाची हवा कोरडी असल्याने पाणी झपाट्याने उडते आणि ताप उतरतो, मुंबईच्या दमट हवेत तेवढा उतरणार नाही. गुदद्वारातून घेतलेले तापमान ३९ अंशांपर्यंत खाली आले की थांबायचे, नाहीतर रुग्ण गारठतो. आणि पॅरासिटामॉलचा इथे काही उपयोग नाही, कारण हा ताप मेंदूने ठरवून वाढवलेला नसतो.

संत्राबर्फी

मी डॉक्टर नाही, मुलगी परिचर्या शिकते म्हणून हा धागा वाचते आहे. आमच्यासारख्यांनी यातले काही शिकावे का, की उगाच घोटाळे होतील?

जुना_भूलतज्ज्ञ

संत्राबर्फी, एक गोष्ट नक्की शिका. भारतीय भूलतज्ज्ञांनी सामान्य माणसांसाठी ‘कॉल्स’ ही पद्धत तयार केली आणि २०१७ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया’त प्रसिद्ध केली. तीत तोंडाने श्वास द्यायचा नाही, फक्त छाती दाबायची. माणूस कोसळला, हाक मारल्यावर उठत नाही, श्वास नाही, तर १०८ ला फोन लावायचा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबत राहायचे. बाकीचे आमच्यावर सोडा.

कोलारकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण आधी करून पाहायचे होते.

काचेच्या नळ्या मोजल्या. चार निघाल्या, त्यातल्या दोन धुतलेल्या. आता पन्नास मागवल्या आहेत आणि पेटीवर ‘फक्त सर्पदंश’ असे लिहिले आहे. वाचनाचे म्हणाल तर फोनमधून सतरा दुवे काढून टाकले. ‘बेसिक इमर्जन्सी केअर’ची पुस्तिका छापून घेतली आहे आणि आठवड्याला एक प्रकरण सिस्टरांसोबत वाचते. त्याशिवाय ईसीजी रोज एक. एवढेच ठेवले. सोडून दिल्याचे वाईट वाटले ते फक्त ‘डिरेंज्ड फिजिऑलॉजी’चे, म्हणून ते रविवारपुरते राखले आहे. पुढच्या महिन्यात दोन दिवस नागपुरात कॅज्युअल्टीत उभी राहणार आहे, परवानगी मिळाली. बर्डीवाला सर, ते श्रेय तुमचे.

ॲट्रोपिनचे पानही मराठीत करून भिंतीवर लावले. डावीकडे वेळ, मधे मिलिग्रॅम, उजवीकडे ॲम्प्यूल. खाली ठिबकची ओळ: एकूण जितके लागले त्याचा १० ते २० टक्के भाग दर तासाला. परवा रात्री वापरायची वेळ आली. रुग्ण चोवीस वर्षांचा होता, कपाशीवर फवारणी करताना वाऱ्याच्या दिशेला उभा राहिलेला. २१ ॲम्प्यूल लागले, छाती मोकळी झाली आणि १०८ ने तो नागपूरला पोचला. आज त्याच्या भावाचा फोन आला होता, तो जेवतो आहे.

तीन_नंबर_वॉर्ड सिस्टर, पानाचे छायाचित्र तुम्हाला संदेशातून पाठवले आहे. चूक असेल तर सांगा.

तीन_नंबर_वॉर्ड

मॅडम, पाहिले. आकडे बरोबर आहेत. दोन बदल करा. ‘टॅकिकार्डिया’ लिहिले आहे तिथे ‘नाडी जलद’ करा. आणि पान औषधांच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने लावले आहे असे छायाचित्रात दिसते. दार उघडले की ते भिंतीकडे तोंड करते. ट्रॉलीच्या वर लावा, ॲम्प्यूल फोडताना मान वर केली की दिसेल असे.

मागच्या_सीटवरचा

त्याची एक प्रत मलाही पाठवा. गाडीच्या छताला लावतो.